सेल काढण्याआधी फोटो काढा

गंगाखेड तालुक्यातल्या एका ताईंचा प्रश्न आलाय. गावात त्यांचं सेवा केंद्र आहे. सातबारा, दाखले, पीकविमा अशी कामं चालतात. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: "लाइट जाऊन आली की कॉम्प्युटरचा पंखा फिरायलाय, पण डिस्प्ले येईना. चार-पाच वेळा बंद-चालू केलं की येतो. मग काळ्या स्क्रीनवर 'सीएमओएस चेकसम एरर, डिफॉल्ट्स लोडेड' असं काहीतरी येतं आणि एफ १ दाबा म्हणतं. दाबलं की विंडोज चालू होतं, पण तारीख २०१४ ची असते आणि एकही साइट उघडत नाही. एक जण म्हणतो सेल काढून परत लावा, सेटिंग रीसेट होईल. दुसरा म्हणतो मदरबोर्ड गेला, सहा हजार लागतील. सेल काढला तर माझा डेटा जाईल का?"

ताई, शेवटच्या प्रश्नापासून सुरू करतो, कारण झोप त्यानेच उडालेली दिसते. सेल म्हणजे कॉम्प्युटरच्या मुख्य बोर्डावरचा, म्हणजे मदरबोर्डवरचा, नाण्याएवढा सेल. तो काढल्याने डेटा जात नाही. तुमच्या फायली हार्ड डिस्कवर असतात आणि डिस्कला त्या सेलशी काही देणंघेणं नसतं. पण सेल काढल्यावर कधीकधी विंडोज उघडेनासं होतं. मग कुणीतरी घाईत फॉरमॅट मारतं. डेटा जातो तो तिथे.

हे मी दुसऱ्याचं पाहून सांगत नाही. २०११-१२ च्या सुमाराची गोष्ट. बी-बियाणं आणि खताच्या एका दुकानातला कॉम्प्युटर माझ्याकडे आला. दिवस मृगाच्या तोंडावरचे, दुकानात पाय ठेवायला जागा नाही. तक्रार साधीच होती, घड्याळ मागे पडायचं. मी सेल बदलला, मशीन चालू केलं, तर विंडोजचा लोगो येऊन निळी स्क्रीन. परत चालू केलं, परत निळी. मी म्हटलं, विंडोज खराब झालं. मालकांना विचारलं, "सी ड्राइव्हमध्ये काही महत्त्वाचं?" ते म्हणाले, "आम्हाला काय माहीत, तुम्हीच बघा." मी फॉरमॅट मारला. वर्षभराच्या उधारीचा हिशेब सी मध्येच होता.

मालक ओरडले नाहीत, त्याचंच जास्त लागलं. त्यांनी कपाटातून बिलबुकांच्या कार्बन कॉप्या काढल्या आणि गल्ल्याशेजारी मांडून बसले. तीन रात्री मी आणि त्यांचा मुलगा एकेक बिल परत टाइप करत होतो. खरी गोम मला नंतर कळली. त्या मशीनमध्ये विंडोज एक्सपी होतं. एक्सपीला एएचसीआय नावाची डिस्कशी बोलायची पद्धत ड्रायव्हर दिल्याशिवाय कळत नाही, म्हणून आधीच्या कारागिराने बोर्डात डिस्क आयडीई नावाच्या जुन्या पद्धतीवर ठेवली होती. मी सेल काढला, बोर्ड आपल्या मूळ सेटिंगवर म्हणजे एएचसीआयवर गेला, आणि एक्सपीला स्वतःचीच डिस्क दिसेना. ती एक ओळ परत आयडीई केली असती तर दोन मिनिटांत काम होतं. तेव्हापासून सेलला हात लावण्याआधी मी मोबाइलने बोर्डाच्या सेटिंगच्या पानांचे (चालू करताना डिलीट किंवा एफ २ दाबलं की उघडतात ती) फोटो काढतो. डिस्कची पद्धत, बूटचा क्रम (मशीन सुरू होताना आधी कुठल्या डिस्कवर बघतं), बूट लेगसी म्हणजे जुन्या पद्धतीचं आहे की यूईएफआय म्हणजे नव्या, सिक्युअर बूट (सुरू होतानाची सुरक्षा तपासणी) चालू आहे की बंद: एवढी चार पानं हवीतच.

आता तो सेल करतो काय, ते बघू. १९८१ च्या पहिल्या आयबीएम पीसीत असली सेटिंगं बोर्डावरच्या बारीक बटणांनी करायची. १९८४ च्या पीसी एटीमध्ये मोटोरोलाची एक घड्याळाची चिप आली. तिच्यात ६४ बाइट जागा होती. १४ बाइट घड्याळाच्या कामाच्या, उरलेल्या ५० मध्ये बाकीची टिपणं. वीज गेली तरी हे सगळं जिवंत राहावं म्हणून बॅटरी. ती चिप ज्या प्रकारची होती तो प्रकार म्हणजे सीएमओएस, आणि तेच नाव आजतागायत चिकटलंय. जुन्या बोर्डात घड्याळ आणि टिपणवही दोन्ही सेलवर जगायची. आताच्या बोर्डात वहीचा बराचसा भाग आठ पायांच्या एका फ्लॅश चिपमध्ये असतो, तिला सेल लागत नाही. मग सेल काढल्यावर सेटिंगं का जातात? घड्याळाच्या भागात एक खूण असते, "मधे माझी वीज तुटली होती." चालू होताना बोर्ड ती खूण बघतो आणि वहीवर भरवसा न ठेवता कारखान्यातली सेटिंगं उचलतो. काही बोर्ड मात्र फक्त तारीख विसरतात आणि बाकी वही जशीच्या तशी वापरतात. म्हणून "सेल काढला तरी रीसेट झालं नाही" अशी तक्रारही खरी असते.

तुमच्या स्क्रीनवरचा तो संदेश आता नीट वाचा. चेकसम म्हणजे वहीतल्या आकड्यांची बेरीज. बेरीज जुळली नाही म्हणून बोर्डाने मूळ सेटिंगं घेतली, हेच "डिफॉल्ट्स लोडेड" सांगतंय. म्हणजे जो रीसेट करायचा सल्ला तुम्हाला मिळालाय, तो तुमचं मशीन लाइट गेली की आपणहून करतंय. आणि तरीही एफ १ दाबल्यावर तुमचं विंडोज उघडतंय. याचा अर्थ तुमचं विंडोज मूळ सेटिंगवरच चालतं, त्यामुळे खतवाल्या मालकांवर आली ती वेळ तुमच्यावर येणार नाही. तुम्हाला हवाय तो नवा सेल. जुनाच काढून परत लावला तर मेलेला सेल परत मेलेलाच.

साइट न उघडण्याचं कारणही हेच. प्रत्येक सुरक्षित साइटच्या प्रमाणपत्राला "या तारखेपासून या तारखेपर्यंत" अशी मुदत असते. तुमचा कॉम्प्युटर २०१४ मध्ये बसलेला, त्याच्या हिशेबाने ते प्रमाणपत्र अजून जन्मालाच आलेलं नाही. म्हणून "कनेक्शन प्रायव्हेट नाही" असं ब्राउझर म्हणतो. डिजिटल सहीच्या टोकनचंही तसंच होतं. जुलैच्या शेवटी पीकविम्याची गर्दी असते तेव्हा "सर्व्हर डाउन आहे" म्हणून लोकांना माघारी पाठवणारे मी पाहिलेत, आणि उजव्या कोपऱ्यात तारीख बघितली तर कुठलीतरी जुनी एक जानेवारी.

एक आडवी गोष्ट इथेच सांगून टाकतो. घड्याळ नेमकं साडेपाच तास मागे-पुढे असेल तर सेलला दोष देऊ नका. एकाच मशीनवर विंडोज आणि लिनक्स दोन्ही असले की असं होतं. विंडोज बोर्डाच्या घड्याळात आपली भारतीय वेळ लिहितं, लिनक्स जागतिक वेळ. कॉलेजची पोरं महिन्यातून एक तरी मशीन याच कारणाने सेल बदलायला घेऊन येतात.

सेल इतक्या लवकर का मेला, असंही मनात येईल. बोर्डात सहसा सीआर २०३२ असतो. तीन व्होल्टचा, २० मिलिमीटर व्यासाचा, ३.२ मिलिमीटर जाड. नाव म्हणजेच त्याचं माप. त्यात साधारण २२० मिलिअँपिअर-तास भरलेले असतात. घड्याळ पाचेक मायक्रोअँपिअर ओढतं असं धरलं तर ४४,००० तास, म्हणजे पाच वर्षं. पण हे वीज पूर्ण बंद असतानाचं गणित. भिंतीवरचं बटण चालू असेल तर कॉम्प्युटर बंद असूनही एसएमपीएसमधून (आतला वीज पुरवणारा डबा) थोडी वीज बोर्डाला मिळत राहते आणि सेल आराम करतो. आपल्याकडे रात्री सगळी बटणं बंद करून जायची पद्धत, त्यात लोडशेडिंग, त्यामुळे घड्याळाचा भार सेलवरच पडतो. पण या कारणासाठी बटण चालू ठेवून घरी जा असं मी सांगणार नाही. मृगाच्या विजा बघितलेला माणूस ते सांगूच शकत नाही. तीस-चाळीस रुपयांचा सेल गेला तर जाऊ द्या.

पण ताई, माझ्या मते तुमचे आजार दोन आहेत. तारीख जाणं आणि चेकसम हा सेलचा दोष. पंखा फिरतो, डिस्प्ले येत नाही, चार-पाच वेळा बंद-चालू केलं की येतो, हे बहुतेक वेळा सेलचं लक्षण नसतं. काही बोर्ड मेलेल्या सेलवर अडून बसतात खरे, मी पाहिलेत. पण जे मशीन गार असताना चालू व्हायला कुरकुरतं आणि एकदा सुरू झालं की दिवसभर चालतं, त्यात माझा पहिला संशय एसएमपीएसवर आणि दुसरा रॅमवर, म्हणजे मेमरीच्या पट्टीवर, जातो. एसएमपीएसमधले कपॅसिटर (वीज साठवणारे छोटे गोल डबे) वाळत आले की सुरुवातीचा जोर मिळत नाही. दुसऱ्याचा चालता एसएमपीएस तासभर मागून लावून बघितला की निकाल लागतो. बोर्डावर प्रोसेसरजवळ जे उभे गोल डबे असतात त्यांची डोकी सपाट आहेत का तेही बघा. एखादं पुरीसारखं फुगलेलं किंवा वर तपकिरी डाग आलेलं असेल, तर "मदरबोर्ड गेला" म्हणणाऱ्याच्या बोलण्यात थोडं तथ्य आहे. पण तेव्हाही कपॅसिटर बदलून मिळतात. सहा हजार ऐकून लगेच पैसे काढू नका.

रॅमचं काम तुम्ही स्वतः करू शकता. मशीन बंद, मागची वायर काढलेली, आणि मग पॉवरचं बटण पंधरा सेकंद दाबून धरायचं म्हणजे आत साठलेली वीज निघून जाते. हे पंधरा सेकंद कुणी पाळत नाही, आणि कितीतरी मशीन एवढ्यानेच चालू होतात. लाइट जाऊन आल्यावर डिस्प्ले आला नाही तर पुढच्या वेळी आधी हेच करून बघा. कॅबिनेट उघडल्यावर आतल्या पत्र्याला हात लावून घ्या. एप्रिल-मे मधल्या आपल्या कोरड्या हवेत अंगावर स्थिर वीज साठते, केसांतून कंगवा फिरवला तर चटचट वाजतं, तेवढ्याने रॅम मरू शकते. दोन्ही बाजूंच्या खिट्ट्या दाबून रॅम वर काढा, सोनेरी पट्ट्यांवरून शाळेतलं पांढरं खोडरबर हलकेच फिरवा, चुरा झटका, आणि दोन्ही खिट्ट्यांचा टक्‌ आवाज येईपर्यंत बसवा. ओल्या फडक्याने पुसायचं नाही. मानवतच्या एका जिनिंगमधलं मशीन उघडलं होतं तेव्हा रॅमच्या खाचेत कापसाचे तंतू वातीसारखे वळून बसले होते. ब्लोअरने निघाले नाहीत, चिमट्याने काढावे लागले. तिथेही आधी कुणीतरी तीन वेळा सेल बदलून गेलं होतं.

कॅबिनेट उघडलंच आहे तर सेलही त्याच वेळी बदला. जवळ मल्टिमीटर असेल तर २० व्होल्ट डीसीवर लावून बघा. नवा सेल तीनच्या थोडा वर दाखवतो. २.८ च्या खाली असला की मी ठेवत नाही. सेलच्या कडेला एक छोटी पत्र्याची जीभ असते. ती नखाने बाहेर ढकलली की सेल उडून वर येतो. त्याला स्क्रू ड्रायव्हरने उचकटू नका, खाली बारीक तारा असतात. अधिक चिन्ह आणि अक्षरं असलेली बाजू वर ठेवून नवा बसवा. दुकानदार २०२५ देईल आणि म्हणेल "चालतंय की". घेऊ नका. तो अडीच मिलिमीटर जाड, खाली सैल राहतो आणि कॅबिनेटला धक्का लागला की तारीख परत जाते.

तुमचं काम इथे संपतं, पण ज्यांना खरोखर रीसेट हवाय त्यांच्यासाठी पुढचं सांगतो. नवी रॅम किंवा प्रोसेसर टाकल्यावर डिस्प्ले आला नाही, रॅमचा वेग हाताने वाढवला आणि मशीन अडकलं, ग्राफिक्सची निवड चुकून बदलली, अशा वेळी रीसेट उपयोगाचा. डिस्प्ले येत असेल तर सेलला हात लावायची गरजच नाही. चालू करताना डिलीट किंवा एफ २ दाबून सेटिंगमध्ये जा, "लोड ऑप्टिमाइज्ड डिफॉल्ट्स" निवडा, एफ १० ने सेव्ह करा. डिस्प्लेच येत नसेल तर वायर काढून, पॉवर बटण दाबून धरून, सेल काढा आणि दहा मिनिटं चहा प्या. नाहीतर जम्पर वापरा, म्हणजे बोर्डावरच्या बारीक पिना आणि कधीकधी त्यांच्यावर असलेली छोटी टोपी. एससच्या बोर्डावर त्याच्याजवळ सीएलआरटीसी लिहिलेलं असतं, गिगाबाइटवर सीएलआर सीएमओएस, एमएसआयवर जेबॅट १. दोनच पिना असतील तर स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाने पाच-दहा सेकंद जोडून धरा. तीन असतील तर टोपी पहिल्या-दुसऱ्यावरून काढून दुसऱ्या-तिसऱ्यावर ठेवा आणि दहा सेकंदांनी मूळ जागी आणा. वायर लावलेली असताना हे कधीच करायचं नाही. आणि टोपी परत आणायला विसरलात तर एकतर मशीन चालूच होणार नाही, नाहीतर रोज सगळं विसरेल, आणि तुम्ही नव्या सेलला शिव्या द्याल.

रीसेटनंतर पहिल्यांदा चालू होताना वेळ लागतो. नव्या बोर्डात रॅम नव्याने जुळवून घेताना मशीन दोन-तीन वेळा आपणहून बंद-चालू होतं. तेव्हा घाबरून वायर ओढू नका, दोन-चार मिनिटं द्या. मग निळ्या स्क्रीनवर "इनॲक्सेसिबल बूट डिव्हाइस" आलं तर डिस्कची पद्धत बदलली असं समजा. फोटोत आयडीई, एएचसीआय किंवा रेड (अनेक डिस्क एकत्र जोडायची पद्धत) जे असेल ते परत लावा. अकराव्या पिढीपासूनच्या इंटेलमध्ये व्हीएमडी नावाचा पर्यायही बघा. "बूट डिव्हाइस सापडत नाही" आलं तर लेगसी-यूईएफआयची अदलाबदल झालीय. फोटो काढलाच नसेल तर एकेक पर्याय बदलून चालू करून बघा, यात डिस्कवर काही लिहिलं जात नाही. विंडोजची पेनड्राइव्ह मात्र लांब ठेवा.

लॅपटॉपवाल्यांनी हे सगळं डोळे झाकून करू नये. नव्या लॅपटॉपमध्ये बहुतेक वेळा बिटलॉकर, म्हणजे डिस्कला कुलूप लावणारी विंडोजची सोय, चालू असतं आणि सिक्युअर बूट किंवा टीपीएमची (किल्ल्या जपणाऱ्या चिपची) सेटिंगं बदलली की ते ४८ आकडी किल्ली मागतं. बहुतेक वेळा ती मालकाच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात असते, पण ते खातं कुणाच्या ईमेलवर उघडलंय हेच पुष्कळांना ठाऊक नसतं. किल्ली आधी कागदावर उतरवा, मग हात लावा. सेटिंगचा पासवर्ड सेल काढून जाईल ही समजूत डेस्कटॉपच्या जमान्यातली. लॅपटॉपमध्ये तो वेगळ्या चिपमध्ये राहतो. असा लॅपटॉप माझ्याकडे आला की मी आधी बिल मागतो, आणि बिल नसणारी मंडळी सहसा परत येत नाहीत.

आता तुमच्या दुकानाच्या अर्थिंगकडे या. लाइट जाऊन आल्यावरच त्रास होतो म्हणताय म्हणून विचारतो. भिंतीवरच्या स्विचबोर्डातल्या न्यूट्रल आणि अर्थमध्ये इलेक्ट्रिशियनकडून व्होल्टेज मोजून घ्या. दोन-तीन व्होल्टपर्यंत ठीक. वीस-पंचवीस निघालं तर अर्थिंग नावालाच आहे. गावाकडे उन्हाळ्यात अर्थिंगचा खड्डा खडखडीत वाळतो, जमीन वीज घेत नाही. आठवड्याला दोन बादल्या पाणी त्यात ओतलं तरी फरक पडतो. लाइट आल्या आल्या लगेच कॉम्प्युटर चालू करू नका. पहिली दोन-चार मिनिटं व्होल्टेज नाचत असतं, सगळ्या गावच्या मोटारी एकदम उठतात.

सेल बदलून झाल्यावर पहिल्या वेळी तोच एफ १ चा संदेश येईल, तो शेवटचा. तेव्हा एफ १ दाबून पुढे न जाता सेटिंगमध्ये जा, तारीख-वेळ घाला, एफ १० दाबा. मग मशीन बंद करून, वायर काढून, अर्धा तास तसंच ठेवा आणि परत चालू करून तारीख बघा. टिकली तर सेलचं काम झालं. नवा सेल असूनही गेली तर सेलच्या घराची खालची पट्टी दबलेली असते, ती सेल काढून सुईने किंचित वर उचला.

आणि काढलेला जुना सेल टेबलावर ठेवू नका. तुमच्याकडे बाया लेकरं कडेवर घेऊन दाखल्याला येतात. हा सेल गिळला आणि अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांत आतून भाजतं, सेल कॉम्प्युटरसाठी मेलेला असला तरी. दोन्ही बाजूंना चिकटपट्टी लावा आणि वरच्या खणात टाका. तालुक्याला याल तेव्हा ई-कचरा घेणाऱ्याकडे किंवा एखाद्या मोबाइल दुरुस्तीवाल्याकडे देऊन टाका.